चिठ्ठी नोंदवून घेण्यात आली आहे

तिसगावच्या आसपास कुठल्याही लग्नाला तुम्ही गेलात, मांडवात शिरलात, अक्षता घेतल्या, खुर्ची धरलीत, तरी तुम्ही अजून आलेले नसता. गहिनीतात्यांनी माईकवर तुमचं नाव घेतलं की तुम्ही आलात. तोपर्यंत तुम्ही नुसते जागा अडवून बसलेले असता.

म्हणून तर मोठी माणसं गाडीतून उतरायची घाई करत नाहीत. आधीच्याचं नाव संपू देतात, मग दार उघडतात. लगेच तात्यांचा आवाज सुरू होतो. मला नकला करायचा नाद आहे म्हणून सांगते, तो आवाज काढायचा तर हनुवटी छातीला टेकवायची आणि शेवटचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ओढत न्यायचा. "आपल्या पंचक्रोशीचं भूषण, दूध संस्थेचे माजी चेअरमन, यांचं या ठिकाणी आगमन झालेलं आहेऽऽ. वधूपित्याच्या वतीनं, समस्त पाहुणे मंडळींच्या वतीनं, त्यांचं हार्दिक, हार्दिक स्वागत." दोनदा हार्दिक म्हणजे माणूस वजनदार. एकदाच हार्दिक म्हणजे नुसता नात्यातला. हा हिशेब लहान पोरांनाही ठाऊक असतो.

गहिनीतात्या आमचे शेजारी. रान जिरायती, ज्वारी-तूर होते तेवढी होते, बाकी घर गळ्यावर चालतं. घरी मात्र हा माणूस इतकं हळू बोलतो की चांगुणाकाकूंना प्रत्येक वाक्याला "आँ?" करावं लागतं. "सगळा आवाज मांडवात ठिवून येत्यात," त्या म्हणतात. "माझ्या वाट्याला उरलंसुरलं."

तात्यांचा एक नेम आहे. चिठ्ठी आली की वाचायची. कुणाचं नाव राहिलं तर तो माणूस तंबाखूच्या पुडीच्या पाठीवर, पत्रिकेच्या फाटक्या कोपऱ्यावर, जे हाताला लागेल त्यावर नाव लिहून माईककडे पाठवतो. तात्यांनी आजवर एकही चिठ्ठी खिशात घातली नव्हती. ज्यांच्याशी बांधावरून भांडण आहे त्यांचंही नाव घेतलं. हार्दिक एकदाच, पण घेतलं.

"मानूस चिठ्ठी कधी पाठवतो? आपन कुनाला दिसलोच न्हाई असं वाटल्यावर," तात्या म्हणतात. "दिसलास बाबा, एवढं सांगायला आपलं काय जातंय?"

तर अशा माणसाच्या अंगणावरून विजेच्या तारा जातात. मागच्या उन्हाळ्यात वादळ झालं, कोपऱ्यातला पोल कलला आणि तारांना झोळ पडला. काकूंनी धुणं वाळत घालायची काठी उभी धरणं सोडून दिलं. एखादा उंच पाहुणा दारात आला की घरातूनच ओरडायच्या, "मुंडी खाली घिऊन या वो."

एरवी हेही चालवून घेतलं असतं. पण दिशाचं लग्न ठरलं. दिशा त्यांची एकुलती एक, नर्सिंग झालेली. काकूंनी सगळ्या लग्नात एकच गोष्ट मागितली: मांडव आपल्या दारात. कार्यालय नको. काकूंचं स्वतःचं लग्न दुष्काळी साली सामुदायिक सोहळ्यात लागलं होतं. रांगेनं जोड्या बसवलेल्या, सगळ्यांना मिळून एक भटजी. आपल्या डोक्यावर पडल्या त्या अक्षता आपल्याच होत्या की शेजारच्या जोडीच्या, याची काकूंना आजही खात्री नाही. "माझ्या लेकीची मेढ माझ्या दारात रोवायची," एवढंच त्यांचं म्हणणं.

मुहूर्तमेढ म्हणजे चांगलं उंच लाकूड. त्याला आंब्याचा डहाळा. मग मांडवावर गाडीभर ओले हिरवे डहाळे. मांडववाला आला, वर बघितलं आणि गाडीतून उतरलाच नाही. "तात्या, तारा वर घ्या, मग मला बोलवा. मला पोरंबाळं हायेत."

तात्यांनी तक्रारीचा नंबर लावला. तिथली बाई तुम्हालाही माहीत असेल. तिच्यासारखं बोलायचं तर जिभेखाली बर्फाचा खडा धरायचा आणि कुणाचंच काही ऐकायचं नाही. "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मग बासरी. मग पुन्हा महत्त्वाचा आहे. मग फोन कट. बऱ्याच बासरीनंतर तक्रार लागली आणि मोबाईलवर उत्तर आलं: आपली तक्रार नोंदवून घेण्यात आली आहे. काही दिवसांनी: आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे. आणि एका सकाळी, कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, आणि हे आलं: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. समाधान व्यक्त केल्याबद्दल आभार.

तात्या मोबाईल हातात धरून अंगणात आले. वर बघितलं. तार होती तिथंच होती, वर एक कावळा बसला होता, टोपी उचलून नेता येईल एवढ्या अंतरावर.

"चांगुणा, आपन समाधान कधी व्यक्त केलं?"

"मी तर न्हाई बाई केलं. तुमीच कुठं बोलला असाल माईकवर."

मग तात्या वीज ऑफिसला निघाले. माझं आधार कार्डाचं काम त्याच बाजूला होतं, म्हणून मी गाडीवर मागं बसले. पुढचं सगळं माझ्या कानानं ऐकलेलं आहे.

ऑफिसात ओंकार साहेब होते. तरणे, इस्त्रीचा शर्ट, आवाजाला चढ नाही की उतार नाही. खोलीत फ्रीज चालू असावा तसं बोलणं. समोर माणूस उभा आहे हे त्यांना कॉम्प्युटरमधून कळत असावं, कारण बघत ते तिकडंच होते.

"साहेब, तारा लई खाली आल्यात."

"तक्रार क्लोज आहे."

"तक्रार क्लोज हाय. तार खालीच हाय."

"मेसेज आला ना तुम्हाला?"

"आला की."

"मग झालं. सिस्टीमला तार वर गेलेली आहे."

"सिस्टीमला गेली असंल साहेब. अंगनात न्हाई गेली. पोरीचं लगीन हाय, मेढ रोवता यीना."

साहेबांनी पहिल्यांदा मान वळवली. "तुम्ही ते लग्नात माईकवर ओरडता, तेच ना?"

"स्वागत करतो, साहेब."

"इथं माईक नाहीये. हळू बोला. हे ऑफिस आहे, लग्न नाही."

शेजारच्या टेबलावरचे फिसकन हसले. आणि तात्या मोठ्यानं बोललेच नव्हते. काकू असत्या तर त्यांनी "आँ?" केलं असतं, इतके हळू बोलले होते.

तात्यांनी टोपी नीट केली, बाहेर आले, समोरच्या टपरीवर चहा सांगितला. मला वाटलं आता शिव्या देतील. त्यांनी टपरीवाल्याला एवढंच विचारलं, "हे साहेब जावई कुनाचे रं?"

आमच्याकडे माणूस कितीही मोठा झाला तरी कुणाचा तरी जावई असतोच.

"भानुदास आबांचे," टपरीवाला म्हणाला. "थोरली राजनंदिनी दिलीय त्यांना."

तात्यांनी बशीतला चहा संपवला. "धाकटीच्या लग्नाला माईक माझाच हाय," ते म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले. ते हसणं मला काही केल्या काढता येत नाही. सगळे दात आत ठेवून हसायचं असतं ते.

धाकटीचं लग्न कार्यालयात होतं. माणूस मावत नव्हतं. ओंकार साहेब गॉगल लावून आले, शेजारी राजनंदिनी पैठणीत. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि साहेब तिथंच थांबले. सासुरवाडीच्या मांडवात जावई असाच थांबतो. आधी नाव, मग चालणं.

तात्यांनी बघितलं. माईक तोंडाशी नेला.

"तिसगावचे सुप्रसिद्ध पंक्चरवाले, आपल्या सर्वांचे लाडके हर्षलभाऊ, यांचं या ठिकाणी आगमन झालेलं आहेऽऽ. हार्दिक, हार्दिक स्वागत."

हर्षलभाऊ मघापासून येऊन बुंदी खात होते. जन्मात पहिल्यांदा दोन हार्दिक मिळाल्यावर ते उठले आणि चारी दिशांना नमस्कार करून आले.

साहेब फाटकात. त्यांच्या मागून आलेला आत्याचा जावई घेतला गेला. चुलत्यांचा जावई घेतला गेला. आत्याच्या नणंदेचा जावई, जो कुणाला ओळखू आला नाही, तोही दोन हार्दिकांसकट घेतला गेला. शेवटी साहेब आपले आपणच चालत खुर्चीवर जाऊन बसले, आणि बायकांच्या रांगेतून राजनंदिनीच्या कपाळाच्या आठ्या माझ्यापर्यंत दिसायला लागल्या.

तिनं चिठ्ठी पाठवली. जावई ओंकारराव यांचं नाव घ्यायचं राहिलं आहे.

तात्यांनी ती वाचली, घडी घातली. मग त्यांचा तो दमदार आवाज कुठं गेला कुणास ठाऊक, आणि स्पीकरमधून बर्फाचा खडा जिभेखाली धरलेली बाई बोलायला लागली, फक्त मिशा असलेली. "एक चिठ्ठी प्राप्त झालेली आहे. आपली चिठ्ठी आमच्यासाठी महत्त्वाची आहे. ती नोंदवून घेण्यात आली आहे."

मांडव बावचळला. मागच्या पंगतीतला एक म्हातारा तेवढा खो-खो हसला. त्याची तक्रार जुनी असणार.

राजनंदिनी उठून नवऱ्याजवळ आली. "अहो, तुमचंच कसं राहिलं?"

"घेतील."

"कधी घेतील?"

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. हा प्रश्न ते रोज ऐकतात, पण त्याला उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलेली नव्हती.

दुसरी चिठ्ठी साहेबांनी स्वतः लिहिली, हुद्द्यासकट. तात्यांनी ती हातात घेतली. "आपली चिठ्ठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे," असं जाहीर केलं आणि वाढप्याच्या हातात देऊन भटारखान्यात पाठवली. आचाऱ्यानं कढईवरून न उठता ती टँकरवाल्याकडे धाडली. टँकरवाला ती घेऊन मांडवभर फिरला, "हे कुनाचं हाय? आमच्याकडं येत न्हाई हे," असं विचारत. एव्हाना सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये त्या बाईचे आभार पडून होतेच. हसू खुर्च्यांच्या रांगांमधून पाणी सोडल्यासारखं पसरत गेलं.

साहेब स्टेजपाशी आले. "तात्या, माझं नाव."

"चिठ्ठी दिल्ती का?"

"दोन दिल्या."

"मग?"

"मग काय? घेतलं कुठं तुम्ही?"

तात्यांनी माईक उचलला. "कळविण्यास आनंद होतो की, सदर चिठ्ठीचे निराकरण झालेले आहे. समाधान व्यक्त केल्याबद्दल आभार."

मांडव कोसळला. मंगलाष्टकांची तयारी करणारे भटजीसुद्धा उपरणं तोंडाला लावून हसले.

"नाव घेतलंच नाही तर निराकरण कसलं?" साहेबांच्या फ्रीजमधून पहिल्यांदा धडधड ऐकू आली.

"सिस्टीमला घेतलंय," तात्या म्हणाले.

तेवढ्यात भानुदास आबा आले. वधूपिता, फेटा तिरका झालेला, तोंड लाल. "गहिनीनाथ, काय चाललंय हे? जावई हाय माझा."

तात्यांनी माईक खाली धरला आणि आपल्या घरच्या आवाजात सगळं सांगितलं. तार, मेढ, आभार, हळू बोला. आबांना ऐकायला वाकावं लागलं. सरळ झाले तेव्हा ते जावयाकडे बघत होते.

"ओंकारराव, खरं हाय का हे?"

"आबा, ती एक प्रोसिजर असते..."

"माझ्या विहिरीवरची डीपी जळालीय. मोटारीला वीज न्हाई, ऊस वाळला माझा. म्या बी तक्रार केल्ती. मला बी आभार आल्यात."

"मला फोन करायचा ना, आबा."

"जावयाला कोन्या तोंडानं सांगायचं, तुमचं ऑफिस फोन उचलत न्हाई म्हनून? पाव्हनं हाय तुमी."

साहेबांनी गॉगल काढला. "तात्या, काय पाहिजे तुम्हाला?"

"उत्तर. वार सांगा, मानूस सांगा. इथं, सगळ्यांसमोर." आणि तात्यांनी, ज्यांनी आजवर आमदाराच्या हातातसुद्धा खुशीनं माईक दिला नव्हता, तो साहेबांच्या पुढं धरला.

साहेब बोलले. स्पीकरमधून त्यांचा आवाज कुणीतरी उशीखाली दाबल्यासारखा येत होता. तात्यांच्या अंगणातली लाईन मंगळवारी. वायरमन छगन. आबांची डीपी त्याच आठवड्यात.

एवढं ऐकलं आणि पंगतीतून चिठ्ठ्या निघाल्या. पत्रावळीच्या तुकड्यावर, हातरुमालाच्या खोक्यावर. कुणाचं मीटर पळतंय, कुणाच्या गल्लीत दिवा नाही, कुणाच्या गोठ्याच्या पत्र्याला झटका बसतो. भटजी मुहूर्त चालला म्हणून कळवळत होते. तात्यांनी सगळ्या चिठ्ठ्या अक्षतांच्या ताटात गोळा केल्या आणि ताट साहेबांच्या हातात दिलं. धाकटीच्या लग्नाच्या फोटोंमध्ये थोरले जावई दर फोटोत ते ताट धरून उभे आहेत.

"आणि नाव?" साहेबांनी विचारलं, अगदी हळू.

"तार वर गेली की."

नाव घेतलं नाही. राजनंदिनी घरी जाताना गाडीत साहेबांना पुढं बसवून मागं एकटी बसली म्हणे. हे आम्हाला ड्रायव्हरनं सांगितलं, न विचारता.

मंगळवारी वायरमन छगन शिडी घेऊन हजर. पोल सरळ केला, तारा ताणल्या, खाली उतरून घाम पुसला आणि मोबाईल काढला. "तात्या, साहेबांची नवीन ऑर्डर हाय. जाग्यावरून फोन लावायचा, तुमी सोता झालं म्हनलं तरच क्लोज."

फोनवर तोच फ्रीज. "तात्या, झालं का?"

"थांबा," म्हणून तात्यांनी काकूंना अंगणात उभं केलं. काकूंनी धुण्याची काठी उभी धरली. वर हात केला. टाचा उंचावल्या. काठी कुठंच लागली नाही. काकू तशाच उभ्या राहिल्या, काठी धरून, कितीतरी वेळ.

"करा क्लोज," तात्या म्हणाले.

साहेबांना पश्चात्ताप वगैरे झाला असं मला मुळीच वाटत नाही. लग्नसराई अजून सगळी पुढं होती, सासुरवाडी मोठी होती आणि प्रत्येक मांडवात माईक तात्यांचा होता. पण त्या उन्हाळ्यात वीज ऑफिसचा फोन पहिल्या रिंगला उचलला जायचा, आणि ताटातल्या चिठ्ठ्यांच्या माणसांना एकेक करून "झालं का?" असे फोन आले. गोठ्यावाल्या बाबांनी तर "परत करा, नीट ऐकू आलं न्हाई" म्हणून मुद्दाम दोनदा करायला लावला. फोन उचलणारे तेच, जे शेजारच्या टेबलावर हसले होते. आता त्यांच्या आवाजात इतका गूळ आहे की मला नक्कल करायला त्रास पडतो.

काकू म्हणाल्या, "झालं की आता. तार वर गेली. पोराला माफ करून टाका."

"तार वर गेली," तात्या म्हणाले. "'हळू बोला' कुठं गेलंय?"

दिशाच्या लग्नाला मेढ दारात रोवली गेली. डहाळ्यांची गाडी आली तेव्हा काकू स्वतः पुढं होऊन पहिला डहाळा वर देत होत्या, आणि वर कुठंही काही अडत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी एकदासुद्धा कुणाला मुंडी खाली घ्यायला सांगितलं नाही.

माईक तात्यांनी दुसऱ्या कुणाला दिला नाही. वधूपिता स्वतःच्याच वतीनं स्वागत करत होता. पहिलं नाव वायरमन छगनचं, दोन हार्दिक आणि वर फेटा. भानुदास आबांना दोन. भाकरी थापणाऱ्या छबूबाईंना दोन, त्या पिठाचे हात घेऊन लाजत चुलीमागं पळाल्या. तोवर ओंकार साहेब राजनंदिनीबरोबर मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबले होते. या वेळी गॉगल नव्हता. घामाची धार कानामागून कॉलरमध्ये चालली होती.

तात्यांनी सगळ्यांची नावं संपवली. टँकरवाल्याचंसुद्धा.

मग म्हणाले, "वीज ऑफिसचे साहेब, भानुदास आबांचे थोरले जावई, ओंकारराव यांचं या ठिकाणी आगमन झालेलं आहे. त्यांचं हार्दिक स्वागत."

राजनंदिनीनं सुटकेचा श्वास सोडला. साहेब पाऊल उचलणार, तेवढ्यात तात्या माईक घेऊन सगळा मांडव ओलांडत त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, नाव आलं का?"

साहेबांनी मान हलवली.

"मान हलवून क्लोज होत न्हाई. ऐकू आलं का?"

"आलं," साहेब स्वतःच्याच शर्टाला सांगितल्यासारखं म्हणाले.

तात्यांनी माईक त्यांच्या हनुवटीखाली धरला. "मोठ्यानं बोला साहेब. इथं माईक हाय."

"आलं," साहेब म्हणाले, आणि ते 'आलं' सगळ्या स्पीकरांतून निघून पार बाजारतळापर्यंत गेलं. चुलीमागून छबूबाईंनी मान बाहेर काढून बघितलं.

"क्लोज करू?"

"करा."

तात्या वळले आणि भटजींना खूण केली. मंगलाष्टकं सुरू झाली. साहेबांचं दुसरं हार्दिक अजून तात्यांकडेच आहे.